घरी मल्टिजिम घेतलंय? मुंबईच्या घरांतले अनुभव इथे लिहा

गेल्या काही आठवड्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं: घरी मल्टिजिम, म्हणजे एकाच सांगाड्यावर वजनं ओढून बरेच व्यायाम करायचं मशीन, घ्यावं का? दुकानात गेलं की त्याच्यावर किती प्रकारचे व्यायाम होतात याची यादी ऐकवतात. आपल्याला मुंबईत आधी वेगळंच हवं असतं. खोकी लिफ्टमध्ये मावतील का, हात वर केला की पंखा लागेल का, खालच्या मजल्यावरच्यांची झोपमोड होईल का, पावसाळ्यात दांडे गंजतील का, केबल गेली तर मिळेल कुठे. ही उत्तरं वापरणाऱ्यांकडेच असतात, म्हणून हा धागा.

वजनाच्या पट्ट्यांची चळत, मधे पिन (ती जिथे खोचाल तिथपर्यंतच्याच पट्ट्या उचलल्या जातात), केबल आणि पुल्या असं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहाच. विचार करून नको ठरवलं असेल तर का, तेही लिहा. खोलीचं माप द्या, आणि घरातलं कोण कोण ते वापरतं हे आवर्जून सांगा. माझं मत असं की एकट्यासाठी डंबेल पुरतात. मशीनची जागा वसूल होते ती घरातल्या दोघा-तिघांनी वापरलं तर. पिन सरकवली की वजन बदललं, ही सोय खरी त्यासाठीच आहे.

आमचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीच्या भिंतीला आहे. मुलगा सकाळी, मी दुपारी, हे रात्री जेवणाआधी. बेडरूममध्ये ठेवलं असतं तर दुपारी सासूबाई झोपलेल्या असताना मला हात लावता आला नसता. तेव्हा जागा ठरवताना वेळापत्रकही बघा.

वरळीहून

आम्ही बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांच्या खोलीत मशीनचा विचार कोण करणार? दाराआड मुद्गलांची जोडी, गॅलरीत जोर-बैठका, बाकी सगळं व्यायामशाळेत. ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीच्या पुनर्विकासातल्या वरळीच्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या त्यात आमचंही घर होतं. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम. पोरांनी पहिल्याच महिन्यात मशीनचा विषय काढला.

मी आधी टेप घेऊन बसलो. मशीनची उंची ६ फूट १० इंच. स्लॅब त्याच्या पुष्कळ वर, त्यामुळे पोरं खूश. पण दोन गोष्टी टेप लावल्याशिवाय कळत नाहीत. एक, तुळईखालची उंची स्लॅबपेक्षा कमी असते आणि मशीन भिंतीला टेकवायचं तर बरेचदा तुळईखालीच येतं. दुसरं, लॅटचा दांडा, म्हणजे डोक्यावरून छातीकडे ओढायचा आडवा दांडा. तो मशीनच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतो. आमचा दांडा चार फुटांचा, म्हणजे बसणाऱ्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा हवी, कपाटाचं दार उघडायला हवं ते वेगळंच. मी जमिनीवर खडूने मशीनची चौकट आखली, मधे स्टूल ठेवलं, थोरल्याला बसवून हात वर-खाली, पुढे-मागे करायला लावले. पाय पुढे फेकल्यावर पलंगाला लागत होते. पलंग वीतभर सरकवला आणि मगच पैसे भरले.

दुकानातल्या पत्रकावर मशीन ठेवायला लागणारी जागा लिहिलेली असते. माणूस त्यावर बसून हातपाय हलवायला लागला की ती जवळपास दुप्पट होते, हे लक्षात ठेवा.

शेजारच्या मजल्यावरची दोन पोरंही येतात. चाळीची सवय आहे, दार उघडंच असतं.

गोरेगावहून

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. वायर रोप आणि पुल्या रोजच्या हाताखालच्या, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

आधी खोक्यांबद्दल. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये ४०८ किलो असं लिहिलेलं असतं, माणशी ६८ किलो धरून. मल्टिजिमचं वजन वेगवेगळ्या खोक्यांत येतं, तेव्हा भाराची काळजी नको. अडतो तो उभ्या खांबांचा लांब खोका. तो कोपऱ्यात तिरका बसतो का ते आधी केबिन मोजून बघा, नाहीतर हमालांना जिन्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील. पट्ट्यांचे खोके केबिनमध्ये सावकाश टेका, आपटू नका.

आता वजनाबद्दल. पट्टीवर ४० लिहिलंय म्हणजे तुमच्या हाताला ४० येतंच असं नाही. काही मशीनमध्ये केबल एका सरकत्या पुलीतून फिरवलेली असते. तिथे हाताला निम्मं वजन येतं आणि दांडा दुप्पट ओढावा लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: दांडा दोन फूट ओढा आणि पट्ट्या किती उचलल्या ते बघा. दोन फूट उचलल्या तर वजन पूर्ण, एकच फूट उचलल्या तर निम्मं. एकाच मशीनवर वरची पुली एका हिशेबाची आणि खालची दुसऱ्या हिशेबाची असू शकते. म्हणून वरच्या आणि खालच्या व्यायामाचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा दांड्याच्या जागी अडकवून बघितला. पिन २० वर. हळू ओढताना काटा २० च्या वर दाखवतो, हळू सोडताना २० च्या खाली. हा फरक म्हणजे पुल्यांचं आणि गाइड रॉडचं (पट्ट्या ज्यांवरून वर-खाली सरकतात ते उभे दांडे) घर्षण. दोन्ही आकड्यांची सरासरी काढली की खरं वजन कळतं. फरक जितका मोठा तितकं मशीन जड चालतं. दुकानात काटा घेऊन गेलात तर दोन मशीनमधला फरक पाच मिनिटांत कळेल आणि कुणी हरकत घेत नाही.

केबल बघताना मधला भाग सोडून टोकं बघा, जिथे ती दाबून बसवलेली असते. तिथेच वरचं प्लास्टिक आधी चिरतं. चीर दिसली, फुगवटा आला किंवा केबल एका जागी वाकूनच राहायला लागली की बदलायची. आतली तार तुटेपर्यंत थांबू नका, कारण लॅटचा दांडा डोक्यावर असतो. पुली जितकी लहान तितकी केबल लवकर थकते. त्यामुळे मोठ्या पुल्यांचं, बेअरिंगवालं मशीन थोडं महाग पडलं तरी घ्या.

पिनवालं बहुपयोगी मशीन सर्वांपर्यंत पोचलं ते हॅरॉल्ड झिंकिन या कॅलिफोर्नियाच्या शरीरसौष्ठवपटूमुळे. १९५७ मध्ये त्याने युनिव्हर्सल नावाचं मशीन आणलं, एकाच सांगाड्यावर चहूबाजूंनी वेगवेगळे जण व्यायाम करतील असं. आज आपण घरात जे बसवतो तो त्याचाच आटोपशीर वंश. १९७० मध्ये आर्थर जोन्सने नॉटिलस आणलं, त्यात पुलीऐवजी शंखाच्या आकाराचा कॅम, म्हणजे गोल नसलेलं चाक, होता. सांधा ज्या कोनात बळकट असतो तिथे भार वाढावा म्हणून. घरगुती मशीनमध्ये तो क्वचित असतो, पण लेग एक्स्टेन्शनला (बसून पाय गुडघ्यातून सरळ करायचा व्यायाम) कुठे दिसला तर आवर्जून बसून बघा, फरक जाणवतो.

बोरिवलीहून

मी ५८ वर्षांची. खांदा धरला होता, फिजिओथेरपी झाली, मग डॉक्टरांनी वजन उचलायला सांगितलं. जिममध्ये जायला मला संकोच वाटायचा. मुलगा आणि सून दोघंही व्यायाम करणारे, म्हणून मशीन आलं.

माझ्या वयाच्या बायकांसाठी एकच गोष्ट सांगते: सर्वांत वरची पट्टी किती किलोची आहे ते विचारा. सगळे सर्वांत जास्त वजन विचारतात. आमच्याकडे पहिली पट्टी ५ किलोची आहे, म्हणून मला सुरुवात करता आली. मैत्रिणीकडे ती १० ची आहे आणि तिथे माझा हात वर जाईना. पुढची पायरीही बघा. पाचावरून दहा ही माझ्यासाठी दुप्पट उडी होती. मुलाने दीड किलोची चकती आणून पट्टीवर पट्ट्याने घट्ट बांधून दिली, तेव्हा कुठे अधली पायरी मिळाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा असं आहे. पासष्टीनंतर तोल आणि ताकद यांचा व्यायाम तीन दिवस तरी करावा असंही आहे. आमच्या भजनी मंडळात हे सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, आम्ही रोज चालतो की! चालणं चांगलंच, पण त्याने पिशवी उचलायची ताकद दंडात येत नाही. आता दोघी जणी मंगळवारी-शुक्रवारी माझ्याकडे येतात. सून त्यांना पिन कशी लावायची ते शिकवते. पिन पूर्ण आत गेली पाहिजे, आणि पट्ट्या हलत असताना हात मधे घालायचा नाही. नातू घरी आला की पिन काढून कपाटात.

वर्सोव्याहून

समुद्रापासून दोन गल्ल्या आत. खाऱ्या हवेत सांगाड्यावरचं पावडर कोटिंग (रंगाचा भाजलेला थर) टिकतं, पण बोल्टची डोकी आणि क्रोमचे गाइड रॉड पहिल्याच पावसाळ्यात डाग धरतात. आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसायचं, मग सिलिकॉन वंगणाचा हलका हात. ग्रीस किंवा खोबरेल नको, त्यावर धूळ बसून लापशी होते आणि पट्ट्या अडकतात. घाम लागलेली गादी लगेच पुसा. खिडकीच्या अगदी तोंडाशी मशीन ठेवू नका, वारा हवा असेल तर पंखा लावा. इतकं केलं की झालं.

गिरगावहून

आम्ही घेतलं नाही. आमची इमारत १९६९ पूर्वीची, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), लाकडी तुळया आणि वर लादी. तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाचा हट्ट होता म्हणून इमारतीची पाहणी करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारलं. त्यांनी हिशेब असा सांगितला: भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. मशीन १६० किलो आणि बसणारा ८० किलो, म्हणजे २४०. ते सुमारे दोन चौरस मीटरवर पसरलं तर चौरस मीटरला १२० किलो. धड असलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर खोलीत चालून जातं. पण भार पायांच्या चार-सहा ठिपक्यांवर येतो, म्हणून खाली १८ मिलिमीटरचा प्लायवूड आणि त्यावर रबर मॅट घालायची, आणि मशीन खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईजवळ, भिंतीलगत ठेवायचं. बाल्कनीत ठेवायचं मनात आणू नका, असं त्यांनी निक्षून सांगितलं.

आमच्या तुळया मात्र जुन्या, एकीला वाळवी लागून गेलेली. तिथे कागदावरचा हिशेब लागू होत नाही, म्हणून आम्ही थांबलो. मुलगा दाराला रबरी पट्टे अडकवून घरी व्यायाम करतो आणि वजनासाठी तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत जातो. तिथे वर्गणी काढून एक मशीन आलंय, आणि गल्लीतली वीसेक पोरं ते वापरतात. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी कुणी विचारी माणूस बघून गेल्याशिवाय मशीन चढवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. खाली कुणीतरी राहत असतं.

कुर्ल्याहून

मी जुनं घेतलं. एका सोसायटीने जिमचं सामान बदललं तेव्हा मिळालं. धोबी तलावला नव्याचे भाव विचारून आलो होतो, त्याच्या निम्म्याहून कमी पडलं. जुनं घेताना सांगाड्याचा पाइप बघा. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडी. गेजचा आकडा वाढला की पाइप पातळ होतो, विक्रेता १६ गेज ठसक्यात सांगतो तेव्हा हे ध्यानात ठेवा. पट्ट्या ओतीव लोखंडाच्या की प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेल्या, तेही बघा. सिमेंट लोखंडाच्या जेमतेम तृतीयांश जड, त्यामुळे तितक्याच वजनाला चळत जाडजूड होते आणि आवरण फुटलं की भुगा सांडतो.

सोडवायच्या आधी केबल कुठल्या पुलीवरून कुठे जाते त्याचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा. प्रत्येक सांध्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. नवीन केबल आणि पुल्या मी नागदेवी स्ट्रीटवरून घेतल्या. जुना तुकडा नमुना म्हणून सोबत न्या, तोंडी माप सांगून भागत नाही.

भावाने नवीन घेतलं त्याची वेगळी कथा. खोकी आली, बोल्टची पिशवीच नाही, आणि दुकानदार रोज उद्याचा वायदा करायचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर पिशवी आली. बिल आणि खोकी उघडतानाचा व्हिडिओ होता, म्हणून बोलता आलं.

मुलुंडहून

आवाजाचं लिहिते. पट्ट्या खाली आदळल्या की खालच्या घरात दणका बसतो. पट्ट्या खाली टेकायच्या आधीच पुढचा ओढा घ्यायचा, म्हणजे आवाजही नाही आणि स्नायूवरचा ताणही सुटत नाही. आम्ही मशीन आणल्यावर खालच्या काकांना वर बोलावून चालवून दाखवलं आणि वेळ ठरवून घेतली: सकाळी सातनंतर, रात्री साडेनऊच्या आत. आजवर एकही तक्रार नाही.

कन्नमवार नगरातून पुन्हा

जोडणीबद्दल दोघांनी विचारलंय म्हणून लिहिते. दुकानाचा माणूस येणार असेल तरी घरातलं एक जण सोबत बसा, म्हणजे पुढची दुरुस्ती हाती राहते. आमच्या मशीनला १७ आणि १९ मिलिमीटरचे पाने आणि एलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच लागला. सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून ठेवायचे, सांगाडा पूर्ण उभा राहिला की पाणसळ ठेवून तपासायचा, आणि मगच पाने लावायचे. एक बाजू आधी आवळली तर दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत आणि गाइड रॉड तिरके बसतात. केबल अशी ताणायची की पट्ट्या खाली टेकलेल्या असताना ती लोंबत नाही आणि वरची पट्टी उचललीही जात नाही. पहिले दोन आठवडे हलक्या वजनावर वापरून सगळे बोल्ट परत आवळा. आत नायलॉनचं कडं असलेले नट असतील तर ते सहजी सैल होत नाहीत, साधे असतील तर नागदेवीतून बदलून आणा, फार पैसे पडत नाहीत.

घाटकोपर, चेंबूर आणि नवी मुंबईतल्यांनीही लिहा. भाड्याच्या घरात मशीन बसवून घर बदललेल्या कुणाचा अनुभव असेल तर तो फार उपयोगी पडेल.