नळाला पाणी कधी सुटणार हे मोबाईलवर सांगायचंय, पण ग्रुपवर नुसती भांडणं होतात. काय करावं?

पाणीपुरवठा_लिपिक

नमस्कार मंडळी. मांजरा धरणावर अवलंबून असलेल्या एका छोट्या नगरपंचायतीत मी पाणीपुरवठा विभागात लिपिक आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. १७ प्रभाग, दोन उंच टाक्या आणि आपल्याकडं सगळीकडं असतं तसं रोटेशन. पावसाळ्यात पाच-सहा दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात दहा दिवसांच्याही पुढं.

नागरिकांशी समाजमाध्यमांवरून संवाद ठेवा, असं वरून सांगण्यात आलं. फेसबुक पेज निघालं, प्रभागवार व्हॉट्सॲप ग्रुप झाले. पेजवर जयंती-पुण्यतिथीची अभिवादनं आणि वृक्षारोपणाचे फोटो पडतात, त्याखाली लोक एकच विचारतात, पाणी कधी? ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो, दुपारी प्लॉट विकणे आहे, आणि रात्री दोन पुढाऱ्यांच्या माणसांची जुंपलेली. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या आमच्या माणसांना तिथं नको नको ते बोललं जातं. शेवटी मुख्याधिकारी साहेबांनी "फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील" असं करून टाकलं. ग्रुप शांत झाले, पण तीच माणसं आता खिडकीवर येऊन विचारायलेत.

परवा एक आजी आल्या. नातवानं पाठवलेला स्क्रीनशॉट त्यांनी मला दाखवला. आमच्याच ग्रुपवरचा मेसेज, कुणीतरी वरचा भाग कापून पुढं ढकललेला: "उद्या सकाळी पाणी सोडण्यात येईल." हा "उद्या" कोणत्या तारखेचा, हे त्यात कुठंच नव्हतं. आजी तीन दिवस पहाटे उठून नळापाशी बसत होत्या.

मला मनापासून वाटतं की मोबाईलमुळं हे काम सुधारू शकतं. ग्रुप उघडा ठेवावा की बंद? तक्रारी तिथंच घ्याव्यात का? एक एजन्सी गावासाठी वेगळं ॲप करून देतो म्हणून मागं लागलीय, ते घ्यावं का? आमच्याकडं मी, एक संगणक चालक आणि पाणी सोडणारे चार जण आहोत. एवढ्या माणसांत जमेल असं सांगा.

---

निवृत्त_महसूल_परभणी

पहिलं म्हणजे ॲप घेऊ नका. महसुलात माझी नोकरी गेली, त्यामुळं ई-पीक पाहणी मी जवळून पाहिलेली आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टला ती सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो चढवायचा. कल्पना चांगली होती, पण शेतात रेंज नाही, फोन नातवाचा, नातू शिकायला नांदेडला. पुढं मदतीला सहायक द्यावे लागले, तेव्हा कुठं कामाला वेग आला. पिकाची नोंद नसेल तर अनुदान अडतं, म्हणून लोकांनी ते तरी केलं. नळाच्या वेळेसाठी कुणी ॲप डाउनलोड करून पासवर्ड लक्षात ठेवणार नाही. व्हॉट्सॲप लोकांच्या हातात आधीच आहे, तेवढ्यात भागवा.

आता मुख्य गोष्ट. पाणी कधी येणार हे गावात खरं कुणाला माहीत असतं? तुम्हाला नाही, साहेबांनाही नाही. ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी आहे त्यालाच. म्हणून मेसेज त्याच्याच फोनवरून गेला पाहिजे. चावी फिरवताना "टाकी २, माळी गल्ली, ६.१० ला सुरू", बंद करताना "७.०० ला बंद". याला कुणाची मंजुरी लागता कामा नये. मसुदा टेबलावर जाणार, सही होणार, मग ग्रुपवर पडणार, असं केलंत तर पाणी येऊन गेल्यावर लोकांना कळेल.

वाईट बातमी तुम्ही आधी द्या. पाईपलाईन फुटली, मोटार जळाली, लाईट गेली, हे लोकांना शेजाऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. कुठं फुटली, कोण माणसं कामावर आहेत, आणि पुढची माहिती किती वाजता देणार, एवढं लिहा. दुपारी चारला सांगतो म्हणालात तर चारला मेसेज गेलाच पाहिजे. "अजून वेल्डिंग चालू आहे, सातला पुन्हा कळवतो" एवढंच सांगण्यासारखं असलं तरी पाठवा. लोकांचा विश्वास वेळ पाळण्यावर बसतो, हे मी अतिवृष्टीच्या पंचनाम्यांत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तक्रारी ग्रुपवर घेऊ नका, त्यासाठी एक वेगळा नंबर ठेवा. रेल्वेच्या १३९ वर तक्रार केली की आधी तक्रार क्रमांक येतो, आणि निकाली काढल्यावर प्रवाशाचा अभिप्राय विचारतात. तुमच्याकडं साधं रजिस्टर पुरेल: क्रमांक, गल्ली, तारीख, कुणाकडं दिली. मिटवण्याआधी तक्रारदाराला फोन करून विचारायचं, पाणी आलं का? तो हो म्हणाला की मगच रेघ मारायची. आणि दर बाजारच्या दिवशी ग्रुपवर टाका: या आठवड्यात इतक्या आल्या, इतक्या मिटल्या, इतक्या राहिल्या आणि या कारणानं राहिल्या. राहिलेल्या लपवल्या तर बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

एक काळजी घ्या. नवीन नळजोडणी, दाखले, उतारे यांची मागणी व्हॉट्सॲपवर "पाहतो" म्हणून झुलवत ठेवू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात पूर्ण भरलेला अर्ज कार्यालयाला मिळाला की त्याची पोच मिळते आणि तेव्हापासून मुदत मोजली जाते, मुदत गेली की अपील करता येतं, आणि सबळ कारण नसताना काम अडवलं तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. चॅटवरच्या निरोपाला ही पोच नसते. अशा माणसाला लगेच "आपले सरकार" पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात रीतसर अर्ज करायला सांगा. नाहीतर मोबाईलच्या सोयीत त्याचा हक्क बुडतो.

---

आशा_औंढा

काकांनी सगळं बरोबर सांगितलं, पण बायांचं राहिलं. पाणी भरतंय कोण? मी आशा म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, रोज घरोघर फिरते. बहुतेक घरात फोन एकच, आणि दिवसा तो घरधन्यासोबत शेतात नाहीतर कामावर. तुमचा ६.१० चा मेसेज त्याच्या खिशात वाजणार आणि घागरी इकडं घरात.

दुसरं, ग्रुपमध्ये नाव टाकलं की नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्याकडं एका पोरीला अशाच एका ग्रुपवरून नंबर उचलून रात्रीबेरात्री मेसेज यायले होते. घरच्यांनी तिचा फोनच काढून घेतला. म्हणून साधा ग्रुप नको. व्हॉट्सॲपची कम्युनिटी करा, तिच्या घोषणा ग्रुपमध्ये बाकीच्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चॅनलवरही दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्ट चालते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते पोचतं आणि एका लिस्टीत २५६ च जण बसतात. त्यामुळं पाणीपट्टीच्या बिलावर नंबर मोठा छापा आणि वसुलीला जाणाऱ्या माणसाला तिथल्या तिथं सेव्ह करून द्यायला सांगा.

आणि भाऊ, लिहिण्यापेक्षा बोला. वीस-तीस सेकंदांचा आवाज पाठवा. आमच्याकडं तांड्यावर लसीकरणाचा निरोप मी तिथल्याच एका सुनेकडून गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलवून घेते. छापील मेसेज कुणी उघडत नाही, तिचा आवाज लागला की चार जणी मिळून ऐकतात. तुमच्या गावात मोहल्ला असंल तर तिथं तिथल्या बोलीत बोलणारा माणूस धरा. जिथं फोनच नाही तिथं सकाळच्या घंटागाडीवर भोंगा आहेच ना, त्यावरून उद्याच्या गल्ल्यांची नावं तारखेसकट वाजवा.

---

गंजगोलाई_लातूर

पाणीच कमी आहे तर वेळ सांगून काय होणार, असं तुमच्या कार्यालयात कुणी ना कुणी म्हणेलच. त्यांना लातूरचं २०१६ सांगा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, साधारण पाच लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. देशभर बातमी रेल्वेची झाली. आमच्या घरातला त्रास वेगळाच होता: टँकर कधी येणार हे माहीत नसायचं.

माझी आई धुण्याभांड्याची कामं करायची. टँकर सकाळी येईल की संध्याकाळी, कळायला मार्ग नाही. गेली तर पाणी चुकणार, थांबली तर काम जाणार. तिची दोन घरं त्या उन्हाळ्यात सुटली. बहीण थांबायची तेव्हा तिची शाळा बुडायची. पाणी तेवढंच मिळालं असतं, पण वेळ आधी कळली असती तर ती दोन घरं राहिली असती.

आमची गल्ली सावरली ती एका मिस कॉलवर. टँकरवरचा पोरगा ओळखीचा निघाला. टाकी भरून निघाला की कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मिस कॉल द्यायचा, किराणावाला पुढं चार घरांना. साध्या बटणाच्या फोनवर चालायचं, एक पैसा लागत नव्हता. तुमच्या प्रत्येक गल्लीत असा एक दुकानदार, एक शिवणकाम करणारी ताई, कुणीतरी दिवसभर घरी असणारं माणूस मिळेल. व्हॉल्व्हमनने त्यांना मिस कॉल द्यायचा. उन्हाळ्यात तर हे आधी करा, कारण पाणी जितकं कमी, तितकं चुकलेलं पाणी महाग पडतं.

---

सीनाकाठ_परंडा

स्क्रीनशॉटवरून लिहितोय. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा आमच्याकडं एक आवाज फिरला, "धरण फुटलं, पळा." धरण फुटलं नव्हतं. पण पाणी सोडल्याचा खरा मेसेज आणि हा खोटा आवाज एकाच ग्रुपवर, एकाखाली एक. म्हातारी माणसं अंधारात चिखलातून निघाली, आणि नदीला लागून ज्यांनी खरंच निघायला पाहिजे होतं त्यातली काही घरं "अफवा असंल" म्हणून थांबली.

खऱ्या मेसेजमध्ये विसर्ग इतके हजार क्युसेक, एवढंच होतं. त्यावरून माझ्या गल्लीत पाणी येणार का, हे कसं कळावं? "नदीकाठचा पूल रात्री दहानंतर पाण्याखाली जाईल, खालच्या आळीनं शाळेत या" असं पाहिजे होतं.

तुम्ही एवढं करा. तारीख, वार आणि वेळ पहिल्याच ओळीत, "आज" "उद्या" या शब्दांच्या ऐवजी. चित्र करून टाकत असाल तर तारीख मधोमध टाका, म्हणजे कापली तरी राहते. मेसेजच्या शेवटी कार्यालयाचा नंबर द्या, शंका आली तर माणूस फोन करून खात्री करेल. अफवा आली की गप्प बसू नका, "हे चुकीचं आहे, खरं असं आहे" हे त्याच ग्रुपवर लगेच लिहा. आणि लाभार्थ्यांच्या याद्या आधार नंबर, खाते नंबर दिसतील अशा कधीच टाकू नका. अनुदानाच्या अशा याद्या मी फिरताना पाहिल्यात.

---

पाणीपुरवठा_लिपिक

खूप आभार, सगळ्यांचे. साहेबांशी बोललो. एजन्सीचा विषय बाजूला ठेवायला ते तयार झाले. व्हॉल्व्हमनने थेट मेसेज टाकण्याला मात्र ते कचरतात. चुकीचं गेलं तर जबाबदार कोण, असं विचारतात. एका टाकीपुरतं सुरू करू द्या, असं मी म्हणालो, त्याला हो म्हणाले. नमुना असा केलाय:

"गुरुवार, १२ तारीख. टाकी २. माळी गल्ली, खडकपुरा, शाळेमागची बाजू. पाणी सकाळी ६ ते ७ दरम्यान सुटेल. सुटताना पुन्हा मेसेज येईल. काही अडचण आली तर सकाळी ५.३० ला कळवू. शंका असेल तर कार्यालयाच्या नंबरवर फोन करा."

हाच मजकूर आवाजातही जाईल, आणि घंटागाडीवर आदल्या दिवशी वाजेल. मिस कॉलसाठी माळी गल्लीत एक पिठाची गिरणीवाले तयार झालेत, खडकपुऱ्यात अजून माणूस शोधतोय.

दोन गोष्टी विचारायच्यात. तक्रारीच्या नंबरवर शिवीगाळ झाली तर काय करायचं? आणि आमच्या व्हॉल्व्हमनपैकी दोघांना टाईप करता येत नाही.

---

निवृत्त_महसूल_परभणी

नमुना चांगला आहे. "सुटेल" ची वेळ हुकणार असेल तर ५.३० चा मेसेज चुकवू नका, बाकी सगळं त्यावर आहे.

शिवी देणाऱ्याची तक्रार खरी असेल तर तीही रजिस्टरला घ्या, क्रमांक द्या आणि कामाला लावा. शिवीला उत्तर देऊ नका. धमकी किंवा जातीवरून बोलणं असेल तर ते जपून ठेवा आणि साहेबांमार्फत पोलिसांत द्या. तो त्रास तुमच्या कर्मचाऱ्यानं एकट्यानं सोसायचा नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर साहेबांकडून एक कार्यालयीन आदेश काढून घ्या: व्हॉल्व्ह सुरू आणि बंद केल्याची वेळ कळवणं हा त्या कर्मचाऱ्याच्या कामाचा भाग आहे, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीत चूक निघाली तर त्याच्यावर कारवाई होणार नाही. हा कागद हातात असला की माणूस न घाबरता खरी वेळ सांगतो. आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यानं टाकलेली वेळ तुम्ही स्वतः एखाद्या गल्लीत जाऊन पडताळा.

---

आशा_औंढा

टाईप येत नसंल तर नका लावू टाईप करायला. मायक्रोफोनचं बटण दाबून धरायचं आणि गल्लीचं नाव घेऊन "सोडलं" म्हणायचं, एवढं अर्ध्या तासात शिकतात. फोन मात्र कार्यालयाचा द्या आणि रिचार्जही कार्यालयानंच मारावा. स्वतःच्या फोनवरून काम केलं की नंबर गावभर होतो आणि रात्री बारालाही लोक फोन करतात, ते आम्ही आशा भोगतोय. बायांच्या तक्रारी घ्यायला तुमच्याकडं एखादी महिला कर्मचारी असंल तर दुपारी दोन ते चार तो फोन तिच्याकडं द्या. त्या वेळात बाया मोकळ्या असतात, आणि बाईशी बोलताना नळावरची दादागिरी कोण करतं तेही सांगतात.