शाळेसाठी घरी केलेल्या व्हॅलेंटाईन्स, सोबत खाऊ न देता: कल्पना सुचवा

सोनचाफा: लेकाच्या किंडरगार्टनमधून चिठ्ठी आली आहे. १४ फेब्रुवारीला वर्गात व्हॅलेंटाईन्स (व्हॅलेंटाईन डेची छोटी भेटकार्डं) वाटायच्या, वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एक, आणि खाण्याचं काहीही चालणार नाही. सोबत २२ नावांची यादी. दुकानातून तयार कार्डांचा डबा आणता येईल, पण त्याने स्वतः केलेलं काहीतरी मित्रांना द्यावं अशी माझी फार इच्छा आहे. कात्री बरी चालवतो, लिहायचा मात्र लगेच कंटाळा करतो. वर्गात शेंगदाण्याची आणि गव्हाची ॲलर्जी असलेली मुलं आहेत. काय करता येईल?

अबोली_: अंगठ्याच्या ठशांची बदामं! जाड कार्डस्टॉकच्या लेटर साइझ कागदाचे चार तुकडे करा, ६ कागदांत २४ कार्डं होतात. धुऊन निघणारा लाल रंग झाकणात थोडासा घ्या. अंगठ्याचे दोन ठसे तिरके, खालची टोकं एकमेकांवर येतील असे उमटवायचे, झालं बदाम. आमच्याकडे मजकूर मी छापून घेतला आणि लेकीने खाली फक्त स्वतःचं नाव लिहिलं. तेवढं मात्र तिच्याच हातचं हवं, मग अक्षर कितीही वाकडं येवो.

रानवारा: शिक्षिकेला एक विचारून घ्या: कार्डावर घेणाऱ्याचं नाव हवं की नको? या वयात बऱ्याच शिक्षिका नको म्हणतात. वाचता न येणारी मुलं नाव शोधत बसत नाहीत, वर्गातल्या प्रत्येकाच्या पिशवीत एकेक टाकत जातात. तुमचं लिखाणही निम्म्यावर येईल.

मनीमाऊ: प्ले-डोचे (मळून आकार करायच्या रंगीत मऊ गोळ्याचे) छोटे डबे द्या की, मुलांना फार आवडतात.

रानवारा: मनीमाऊ, प्ले-डोमध्ये गहू असतो हो. घरी केलेल्या डोमध्येही मैदाच. मुलं मळतात आणि तोच हात तोंडात जातो, त्यामुळे या वर्गासाठी नकोच. लॅटेक्सचे फुगेही टाळा, ॲलर्जी आणि घशात अडकण्याची भीती दोन्ही आहे.

मनीमाऊ: अरे हो, गव्हाचं लक्षातच आलं नाही. धन्यवाद!

केशरपान: आमचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे जुन्या क्रेयॉन्सची बदामं. घरात तुटक्या क्रेयॉन्सचा साठा असतोच. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवले की कागद सहज निघतो. हे काम मुलं तासभर आनंदाने करतात. नीट पुसून तुकडे करा, बदामाच्या सिलिकॉन साच्यात काठोकाठ भरा. साचा बेकिंग ट्रेवर ठेवून ओव्हनमध्ये २५० फॅरनहाइटला साधारण १५ मिनिटं. ओव्हनचं काम मोठ्यांनीच करायचं. वितळलेलं अजिबात ढवळू नका, नाहीतर सगळं मातकट होतं. लाल-गुलाबी-नारिंगी एकत्र, निळा-हिरवा वेगळा. पूर्ण गार झाल्यावरच काढा. तो साचा पुन्हा खाण्यासाठी वापरू नका. कार्डावर ग्लू डॉटने (डिंकाच्या तयार चिकट ठिपक्याने) चिकटवा, खाली ‘यू कलर माय वर्ल्ड’. मिठाईपेक्षा जास्त दिवस टिकतं आणि मूल रोज वापरतं, म्हणून मला हे मनापासून आवडतं.

अबोली_: केशरपान, फारच सुंदर!

गारवा: ओव्हन नको असेल तर पेन्सिलचा बाण करा. कागदी बदामाला दोन चिरा द्यायच्या, त्यांतून पेन्सिल ओवायची. चिरा तुम्ही द्या, ओवायचं काम त्याचं. किंवा पांढऱ्या कागदावर पांढऱ्या क्रेयॉनने जोर देऊन बदाम काढायचा. घेणाऱ्याने वर जलरंग फिरवला की चित्र उमटतं. मेणावर पाणी ठरत नाही ना!

सोनचाफा: किती छान सुचवलंत सगळ्यांनी! शिक्षिकेला विचारलं, नावं नकोत म्हणाल्या. क्रेयॉन्सची बदामं करायचं ठरलं, आणि कार्डावर अंगठ्याचे ठसे. एकदम सगळी नाही, रोज पाच-सहाच करू म्हणजे कंटाळणार नाही. केशरपानताई, साचा किती खोल घेऊ?

केशरपान: अर्धा इंच पुरे. फार पातळ बदामं काढतानाच तुटतात. आणि दोन-चार जास्तीची करून ठेव, ऐन वेळी वर्गात नवीन मूल आलेलं असतं.