मदत हवी आहे: महाबळेश्वरच्या धुक्यात झाडांचे फोटो सपाट का येतात?

मंडळी, ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला निघालोय. तिथल्या जांभूळ-अंजनीच्या रानातली शेवाळलेली, वाकडीतिकडी खोडं धुक्यात टिपायची आहेत. गेल्या पावसाळ्यातले फोटो बघितले की चिडचिड होते. डोळ्यांना एकामागे एक दिसलेली झाडं फोटोत सगळी एकाच अंतरावर उभी.

'एक्सपोजर वाढव' हा सल्ला ऐकला, पटलाही. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरतं, म्हणून पांढरं धुकंही मळकट येतं. +१ स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) दिल्यावर धुकं पांढरं झालं, पण खोडंही फिकी पडली. रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर) डीहेझ, म्हणजे धूसरपणा काढणारा स्लायडर, ओढला तर धुकंच गायब. मग पहाटे उठून जायचं कशाला?

व्हिडिओंमध्ये सांगतात, ऊन येईपर्यंत थांबा, किरणं मिळतील. ते हिवाळ्यातल्या धुक्याचं. इथे १३७० मीटरवर पावसाळ्यात आपण ढगातच उभे असतो, ऊन कुठून यायचं?

सामान: एपीएस-सी (लहान सेन्सरची) कॅमेरा बॉडी, १८-५५ आणि ५५-२५० मिमी लेन्स, ट्रायपॉड. यातली कोणती लेन्स लावू? पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) घेऊ का? आणि ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरत राहतो, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद १
एक्सपोजर ठीक आहे, तुमच्या फ्रेममध्ये जवळचं झाड नाहीये. मधे जितकं जास्त धुकं, तितकं खोड फिकं. चार-पाच मीटरवर एक ओलं, काळपट खोड घ्या, मागची आपोआप मागे जातील. त्यासाठी १८-५५ पुरे. ५५-२५० धुकं विरळ झाल्यावर काढा, दाट धुक्यात तिच्यातून पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. आभाळ फ्रेमबाहेर ठेवा. फोकस एकच पॉइंट निवडून खोडाच्या कडेवर धरा आणि मग मॅन्युअलवर टाका. डीहेझ सबंध फोटोला कशाला? फक्त पुढचं खोड निवडून, म्हणजे मास्क करून, काळा रंग खाली ओढा.

प्रतिसाद २
पोलरायझर जरूर घ्या. ओल्या पानांवरची चकाकी गेली की हिरवा रंग उठून दिसतो. मात्र तो दीडेक स्टॉप प्रकाश खातो, आणि घाटात वारा असला की फांद्या हलतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० करा, शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नका. ट्रायपॉड पानं थांबवत नाही!

धागाकर्ता
दोघांचे आभार. जवळच्या खोडाचं लक्षातच आलं नव्हतं. आता एकच: गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते, पुसली की परत येते.

प्रतिसाद १
एसीमुळे. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरणारच. घाट चढतानाच एसी बंद करून काचा खाली करा, नाहीतर बॅग डिकीत ठेवा. उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं बॅगेची चेन उघडू नका, तेवढ्यात चहा होतो.