बाथरूममध्ये झाडं टिकत नाहीत. आईच्या घंगाळात काय लावू?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. यंदा उन्हाळ्यात आईला पंचवटीतल्या जुन्या घरातून इकडे आणलं. तिथली न्हाणी मागच्या अंगणात होती, वर निम्मे पत्रे आणि निम्मं आभाळ. आंघोळीचं पाणी थेट अळवाच्या वाफ्यात जायचं, पलीकडे केळ, आणि भिंतीच्या भेगेत दर पावसाळ्यात हंसराज आपोआप उगवायचा. आई आता ७४ वर्षांची आहे. इकडे आल्यावर ती एकदाच म्हणाली, "इथं अंघोळीला बसलं की नुसती भिंत दिसते गं." ते माझ्या मनातून जात नाही. तिच्या बाथरूममध्ये थोडं हिरवं असावं, एवढंच मला हवं आहे.

बाथरूम पाच बाय सात फूट. काचेच्या पट्ट्यांची एकच खिडकी, तीही डक्टमध्ये उघडते. ऊन कधीच येत नाही. दुपारी बारा ते दोन दिवा न लावता पेपरचे मथळे वाचता येतात, एरवी तेही नाही.

जूनमध्ये गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीतून बोस्टन फर्न, फिटोनिया आणि स्पायडर प्लांट आणले. बाथरूमची हवा दमट असते, ही झाडं तिथं खुलतात, असं मला सांगितलं गेलं. आईची अंघोळ झाली की रोज प्रत्येकाला थोडं थोडं पाणी घालत होते. फर्नची पानं पिवळी पडून गळाली, आता नुसत्या काड्या उरल्यात. फिटोनिया एका सकाळी आडवा झालेला दिसला. उपटून पाहिला तर मुळं तपकिरी, मऊ आणि वास येणारी. स्पायडरची टोकं करपली आहेत आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर बसलाय (बाथरूमच्या नळाला बोअरचं पाणी येतं). बाटलीतला मनीप्लांट तेवढा जिवंत आहे, पण लांबच लांब वेल आणि पानं सुपारीएवढी.

आईनं येताना तिचं तांब्याचं घंगाळ आणलंय, भांडी बाजारातून तिच्या सासूबाईंनी घेतलेलं. त्यात माती भरून झाडं लावली तर चालतील का? खिडकीच्या पट्ट्यांसमोर फळी ठोकून तीन-चार कुंड्या मांडायचाही विचार आहे. गॅस गिझर त्याच भिंतीला आहे, त्याच्या धगीनं झाडांना त्रास होईल का? फरशी दर रविवारी ॲसिडनं धुतली जाते, तेही सांगून ठेवते.

प्रतिसाद

ताई, तुमच्या झाडांना दमटपणा भरपूर मिळाला, उजेड मिळाला नाही. हंसराज विहिरीच्या आतल्या भिंतीतही वाढतो, पण विहिरीवर आभाळ असतं. तुमच्या डक्टला ते जवळजवळ नाहीच. उजेड कमी असला की झाड पाणीही कमी पितं. रोज घातलेलं पाणी मातीत साचून राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. फिटोनियाचं तेच झालं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या.

झाडांच्या वर साधारण फूटभर अंतरावर ९ वॉटचा पांढरा एलईडी लावा. रोज १२ तास चालला तरी महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज लागेल. फक्त वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पाणी उडेल तिथं होल्डर नको. दिवा नकोच असेल तर झाडांचे दोन संच करा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी बाल्कनीतले आत, आतले बाहेर असं फिरवा. मी हेच करते. बाहेर नेल्यावर लगेच कडक उन्हात मात्र ठेवू नका.

टोकं करपण्याचं कारण बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार. झाडांना पालिकेचं पाणी द्या.

घंगाळात थेट माती भरू नका. तांबं कळंकतं आणि मातीत उतरलेलं तांबं मुळांना सोसत नाही. तळाला गोटे घाला आणि त्यावर नर्सरीच्या प्लॅस्टिक कुंड्या जशाच्या तशा ठेवा. मधे उंच स्नेक प्लांट, कडेला मनीप्लांट आणि सिंगोनियम. वेल एकाच बाजूनं खाली सोडा, म्हणजे घंगाळाचा काठ आणि कडी झाकली जाणार नाही. कुंड्या वेगळ्या असल्या की स्नेक प्लांटला कमी आणि बाकीच्यांना जास्त पाणी देता येतं. तळाशी साचलेलं पाणी ओतून टाका. बाटलीतलं पाणीही आठवड्याला बदलाच, डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतात. आणि घंगाळ आईंच्या येण्याजाण्याच्या वाटेत जमिनीवर नको, कट्ट्यावर कोपऱ्यात ठेवा.

प्रतिसाद

झाडांचं नंतर बघू, आधी गिझरचं. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर ती खिडकी अजिबात अडवू नका, फळी तर नकोच. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. गिझर मोकळ्या हवेत हलवा. तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आईंना आत जाऊ द्या.

ॲसिडच्या वाफेनंही पानं भाजतात. फरशी धुताना कुंड्या बाहेर काढा, वास पूर्ण गेल्यावरच आत न्या.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गिझरचं वाचून रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी प्लंबरला बोलावलं, आता गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत आहे. फळीचा विचार सोडला. दिवा लावलाय. घंगाळ आईनं स्वतः चिंचेनं घासलं, त्यात स्नेक प्लांट आणि मनीप्लांट ठेवलेत. फर्न बाल्कनीत नेला, त्याला दोन नवे कोंब दिसतायत.

आता आईनं पंचवटीहून अळवाचा गड्डा मागवलाय. बाल्कनीत सकाळी तीनेक तास ऊन असतं. किती मोठी कुंडी लागेल? आणि आत्ताच लावू, की नाशिकची थंडी सरेपर्यंत थांबू?