हिडन व्हेरिएबल खरंच बाद झाले का?

केळीबागवाला: राम राम मंडळी. एका खोक्यात भरताचं वांगं, दुसऱ्यात केळं, एक खोकं धुळ्याला गेलं एक भुसावळला, धुळ्याचं उघडलं की भुसावळचं न बघता कळतं ना, मग एन्टँगल्ड फोटॉनचंही (निकाल एकमेकांशी जोडलेले दोन प्रकाशकण) असंच आधीच ठरलेलं, म्हणजे आत लपलेली माहिती (हिडन व्हेरिएबल), का नसेल?

तापीकाठ: भाऊ, दोन्हीकडे फोटॉनसमोरचा फिल्टर एकाच कोनात ठेवून मोजलं तर तुझं उदाहरण चालतं. खरी मजा कोन बदलल्यावर आहे!! दोन्हीकडे दोन-दोन कोन घ्यायचे, कोनांच्या चारही जोड्यांत निकाल किती जुळतात ते काढायचं (जुळले की +१, नाही तर -१, त्याची सरासरी), तीन जोड्यांची बेरीज करून चौथी वजा करायची, आधीच ठरलेलं असेल तर ती बेरीज २ च्या वर जाऊच शकत नाही, क्वांटमच्या हिशोबाने २.८३ पर्यंत जाते. मूळ विचार भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलचा, १९६४. मर्यादा मोडलेली पहिल्यांदा दिसली १९७२ ला, फ्रीडमन आणि क्लाउझरच्या प्रयोगात. १९८२ ला आस्पेने फोटॉन वाटेत असतानाच कोन बदलले. २०१५ ला डेल्फ्टमधे १.३ किमी अंतरावर इलेक्ट्रॉन ठेवून २.४२ आलं, पळवाटा (दोन्ही बाजूंत गुपचूप निरोप जाणं, काही कण मोजायचे राहून जाणं) बुजवून. मला तर हा प्रयोग सगळ्यात भारी वाटतो.

धुळेकर_ताई: एक सांगते, बाद झाले ते लोकल हिडन व्हेरिएबल, म्हणजे इथल्या मोजमापाचा तिथे लगेच परिणाम होत नाही असं मानणारे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमची हिडन व्हेरिएबलवाली थिअरी अजून उभी आहे कारण ती नॉनलोकल आहे, इथलं मोजमाप तिथे लगेच पोचतं असं ती मानते.

केळीबागवाला: म्हणजे खोकी स्वतंत्र नाहीत असं धरलं तरच जमतं. आता बसलं डोक्यात ताई, कोनांचं गणित आज रात्री स्वतः करून बघतो.