पेटी ठेकेदार (पोटठेकेदार) गायब, अकरा जणांची मजुरी अडकली. मागायची कुणाकडे? (सांगली)

नमस्कार मंडळी. जतकडचे अकरा जण, गवंडी-बिगारी मिळून, मिरजेजवळ एका सरकारी इमारतीच्या कामावर होते. त्यातला एक माझा चुलतभाऊ. स्लॅब पडला, प्लास्टर अर्ध्यावर आलं आणि त्यांना आणणारा पेटी ठेकेदार फोनच उचलेना. दर शनिवारी तेवढी खर्ची द्यायचा, "बाकी हिशेब बिल निघाल्यावर." बिल निघालं म्हणे. हिशेबाचं नाव नाही.

साइटच्या बोर्डावर पुण्याच्या एका मोठ्या ठेकेदाराचं नाव आहे. त्याचा सुपरवायझर म्हणतो, "आम्ही खाली पैसे दिलेत, ही माणसं आमची नव्हेतच." मधे आणखी एक पार्टी आहे असं आता कळतंय, ती कोण ते कुणीच सांगत नाही.

हजेरी कार्ड कुणालाच दिलेलं नाही. भावाकडे खिशातली डायरी आहे: पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला तिरकी, खाडा असेल तिथे फुली, शेजारी उचलीचे आकडे. उचल बहुतेक फोनपेवर आलीय, तीही ठेकेदाराच्या मेव्हण्याच्या नंबरवरून.

पोटठेकेदार कोण कोण आहेत हे लेखी कुठून मिळेल? आणि पैसे वरच्याकडून मागता येतात, की गायब माणसालाच शोधत फिरायचं? पोलीस म्हणाले कामगार ऑफिसला जा. तिथे काय घेऊन जायचं ते कळलं तर एक खेप वाचेल, अकरा जणांचा रोज बुडवून सांगलीला नेणं परवडत नाही.

कृष्णाकाठ: गायब माणसाचा नाद सोडा, वरच्याला धरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झालीय. कलम ४३ प्रमाणे कामावर ठेवणाऱ्याने मजुरी दिली नाही तर आस्थापना (म्हणजे जिथे काम चालतं तो कामधंदा) ज्याची, त्याच्यावर जबाबदारी येते. कलम ४५ खाली ३ वर्षांच्या आत दावा करता येतो आणि अकरा जणांचा मिळून एकच अर्ज चालतो. थकबाकीशिवाय तिच्या १० पटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. (दहापट मिळेल या आशेवर राहू नका, पण सुपरवायझरला ऐकवायला आकडा बरा आहे.) मजुरी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तुम्हाला काम केलं हे दाखवायचंय, म्हणून डायरी जपा आणि फोनपेचे स्क्रीनशॉट आजच काढा, फोन बदलला की बोंब होते.

कंत्राटी कामगारांच्या तरतुदीवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. त्या ५० किंवा जास्त कामगार असले तरच लागतात, आणि पोटठेक्यात प्रत्येकाकडे दहा-बारा माणसंच दाखवलेली असतात.

निवृत्त ओव्हरसियर: काम बांधकाम खात्याचं असेल तर बी-१ करारनामा (खात्याचा मुख्य ठेकेदाराशी झालेला करार) बघा. परस्पर पोटठेक्याने काम दिलं तर करार रद्द, अनामत जप्त अशी अट त्यात असते. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करारनामा, पोटठेक्याची लेखी परवानगी आणि आतापर्यंतची बिलं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. परवानगीचा कागदच फायलीत नाही असं लेखी आलं तर उत्तमच, ते कामगार ऑफिसच्या अर्जाला जोडा.

पण त्याची वाट बघत बसू नका. मजुरीचा निकाल लागेपर्यंत अनामत सोडू नये असा अर्ज कार्यकारी अभियंत्याला द्या आणि पोच घ्या. अनामत अडकली की भलेभले ठेकेदार आपणहून ऑफिसात येऊन बसलेले मी बघितलेत.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. चौघांनी बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला ग्रामसेवकाकडून घेतला होता, त्यावर याच साइटचं नाव आहे. तो पुरावा म्हणून जोडू का? बाकी सात जणांकडे डायरी आणि फोनपेच आहे. अभियंत्याचा अर्ज सोमवारी भाऊ आणि मी दोघंच जाऊन देतो.