शब्दचर्चा: ‘केंद्र’ की ‘संघ’? आणि ‘हक्क’ की ‘अधिकार’?

अमळनेरकर: शाळेत राज्यशास्त्र शिकवतो. पुस्तकात ‘संघशासन’ असतं, बातम्यांत कायम ‘केंद्र’. पोरं विचारतात, दोन्ही एकच का? जाणत्यांनी जरा उलगडून सांगावं. जमलं तर ‘हक्क’ आणि ‘अधिकार’ यांच्यावरही.

नवापूरकर: सर, सरकार एकच, पण शब्द वेगळं चित्र उभं करतात. ‘केंद्र’ म्हटलं की बाकीचे आपोआप परिघावर जातात, जणू दिल्लीने दिलं तेवढंच राज्याला मिळतं. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे. राज्याला कायदे करायचा अधिकार दिल्ली देत नाही, घटना देते. सातव्या अनुसूचीत वाटणी आहे: संघ सूची, राज्य सूची आणि दोघांची मिळून समवर्ती सूची.

ही वाटणी पाहायची तर आमच्या नवापूर स्टेशनवर या. फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एक बाकडं असं आहे की त्याच्या मधोमध हद्द जाते. लोक एक पाय इकडे, एक तिकडे करून फोटो काढतात. रेल्वे संघ सूचीत, म्हणून रूळ, गाडी, तिकीट सगळं एकाच्याच ताब्यात, हद्द कुठूनही जावो. पोलीस मात्र राज्य सूचीत, आणि त्या नोंदीत रेल्वे पोलीसही स्पष्ट लिहिलेले आहेत. पाकीट मारलं गेलं तर गुन्हा नोंदवणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे, आणि रेल्वेच्या मालमत्तेवर पहारा देणारं रेल्वे सुरक्षा बल संघाचं. दोघंही खाकीत, म्हणून लोकांना एकच वाटतात. दारूही राज्याचाच विषय. बाकड्याच्या एका टोकाला दारूबंदी, दुसऱ्या टोकाला नाही.

जळगावकर: बरोबर शे भाऊ, पण ‘संघ’ शब्दाने राज्यं फार बळकट आहेत असंही वाटू नये. तुमच्याच भागातलं उदाहरण देतो. १९६० साली मुंबई राज्याची फाळणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातला गेली. तुमचं ते बाकडं त्यामुळेच अर्धं झालं. हे संसदेच्या कायद्याने झालं. अनुच्छेद ३ नुसार विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, संमती घ्यावी लागत नाही. मत आणि संमती यांतला फरक पोरांना इथेच कळेल. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत ‘संघ’ शब्द का घेतला ते सांगितलं होतं: राज्यांनी आपसात करार करून हा देश बनवलेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघायचाही अधिकार नाही. अमेरिकेत उरलेसुरले अधिकार राज्यांकडे राहतात, आपल्याकडे ते संघाकडे.

‘फेडरेशन’ म्हणजे संघराज्य, या शब्दाशी आपल्या जिल्ह्याचं जुनं वैर आहे बरं का. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. इंग्रजांनी केलेला १९३५ चा भारत सरकार कायदा तिथे नाकारला आणि आमची घटना आमचीच घटना समिती लिहील, ही मागणी पुन्हा केली. त्या कायद्यातलं फेडरेशन संस्थानिकांना बरोबर घेऊन बनायचं होतं. पुरेसे संस्थानिक आलेच नाहीत, ते कागदावरच राहिलं.

माझं मत विचाराल तर वर्गात ‘संघशासन’च म्हणा. गावात म्हणून मात्र उपयोग नाही. आमच्याकडे ‘संघ’ म्हटलं की लोक दूध संघ समजतात.

पारोळेकर: हक्क-अधिकारावर मी लिहितो, तलाठी कार्यालयात आयुष्य गेलं. हक्क माणसाचा, अधिकार पदाचा, असं ढोबळमानाने धरा. तहसीलदाराला अधिकार असतो, खातेदाराला हक्क. पण सरकारी मराठी हे पाळत नाही. सातबाऱ्यावर छापलेलं असतं ‘इतर अधिकार’, आणि शेतकरी म्हणतो ‘इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढलाय’. शेतकऱ्याचा शब्द जास्त नेमका आहे: जमीन याची, पण तिच्यावर सोसायटीचा हक्क. २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’, २००६ चा ‘वनहक्क’. दोन्हींत नागरिकालाच काहीतरी मिळतं. हिंदीत सरसकट ‘अधिकार’ चालतो, त्याचा परिणाम असावा.

‘मूलभूत हक्क’ मात्र बदलू नका. तो घटनेचा भाग तीन. सरकारने तो मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा अनुच्छेद ३२ हाही मूलभूत हक्कच आहे. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचा माणूस अर्थात औरंगाबाद खंडपीठात जातो, अनुच्छेद २२६ खाली. आणि मालमत्ता आता मूलभूत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती भाग तीनमधून काढून ३००अ मध्ये ठेवली. रस्त्यात जमीन गेली की लोक ‘मूलभूत हक्कावर घाला’ म्हणतात, ते बरोबर नाही. कायद्याच्या आधाराशिवाय जमीन घेता येत नाही, एवढं संरक्षण शाबूत आहे.

अमळनेरकर: आभार, नाना. आता ‘नागरी हक्क’ राहिलं. पोरांना ते नगरपालिकेचं वाटतं!

पारोळेकर: वाटणारच. नागरी बँक, नागरी सुविधा, सगळीकडे तो शब्द शहराचा. इथे तो नागरिकाचा. त्यातही कायद्यात अर्थ आणखी अरुंद होतो. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण’ नावाने बदलला. त्यात नागरी हक्क म्हणजे अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवल्यामुळे माणसाला मिळालेला हक्क: विहिरीवर पाणी भरणं, देवळात जाणं, हॉटेलात बसणं. तेव्हा खेड्यालाच तो जास्त लागू.

नवापूरकर: एक भर घालतो. भाग तीनमधलं सगळंच नागरिकांपुरतं नाही. भाषणाचं, संघटनेचं, देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य, म्हणजे अनुच्छेद १९, फक्त नागरिकाला. पण कायद्यापुढची समानता (१४) आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य (२१) ‘कोणत्याही व्यक्तीला’. परदेशी माणूस आमच्या बाकड्यावर येऊन बसला तरी ही दोन त्याला लागू, कुठल्याही टोकाला बसू द्या.